बैलबाजारातली पंगत

हेमराजचा बैल दावं तोडून थेट भोजनालयात शिरला, तेव्हा वर्षाली ज्वारीचं पीठ मळत होती. बैलानं परातीत तोंड घातलं. माणसं ताटं सोडून पळाली. तिनं मात्र पुढं होऊन त्याची वेसण धरली.

मागून धापा टाकत हेमराज आला. "मारका नाई तो..."

"दिसते मले. मालकापेक्षा शहाणा हाये."

तो हसला, आणि तिला उगाचच कपाळावरची बट मागं सारावीशी वाटली. हाताचं पीठ कपाळाला लागलं.

सत्त्याण्णव साल होतं. सिंदीच्या बैलबाजाराला लागूनच तिच्या वडिलांचं, रूपरावांचं भोजनालय होतं. आई गेल्यापासून चूल वर्षालीकडे.

बैल विकला गेला, तरी हेमराज दर बाजाराला सेलूहून यायचाच.

"आज काय विकाले आणलं?"

"काईच नाई."

"मंग काऊन आले?"

"जेवाले."

"सेलूत जेवण नाई भेटत?"

"भेटते... पण वाढणारी असं रागावून पाहत नाई."

ती वळली खरी. पण त्याच्या भाजीवर तर्री जरा जास्तच पडली.

दिवाळीनंतर हेमराजला घेऊन त्याचे वडील प्रभाकरराव मागणी घालायला आले. पोरगी पसंत होती. "फक्त एक," ते म्हणाले, "लग्न झाल्यावर तिनं इथं पाय नाई ठेवायचा. बाजारातल्या बाप्यांले वाढणारी सून, असं चार लोकांत कसं सांगू?"

वर्षालीनं चहाचा ट्रे खाली ठेवला.

"काकाजी, सात वर्षांपासून मी याच बाप्यांले वाढून राह्यली. एकानंही कधी वाकडा शब्द काढला नाई. तुमाले लाज वाटते म्हणून मी हे सोडणार नाई." मग ती हेमराजकडे वळली. "तुमाले काय म्हणाचं?"

हेमराज जमिनीकडे पाहत राहिला.

"मंग चहा घ्या अन् जा."

रडायचं नाही असं ठरवून तिनं आत जाऊन कांदे चिरायला घेतले.

पुढच्या बाजाराला भर दुपारी पंगत बसली होती. त्यात हेमराजच्या गावचेही दहा-बाराजण होते. हेमराज आला, चपला काढल्या, वरणाची बादली उचलली आणि ओळीनं वाढू लागला.

"अरे, प्रभाकररावचा पोरगा ना तू?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"हो आबाजी. वरण घ्या."

वर्षाली तव्यापासून उठली. "ठेवा ती बादली. त्या दिवशी तोंड नव्हतं तुमाले?"

"नव्हतं. भेलो होतो." त्यानं बादली ठेवली नाही. "काल बाबांले सांगितलं... लग्न करीन तर वर्षालीसंगच, अन् ती भोजनालय सोडणार नाई."

"अन् ते?"

"म्हणाले, वाढप्याले माह्या घरात जागा नाई."

"मंग आता?"

"तू म्हणशील ते."

सगळ्यांचे हात ताटातच थांबले. वर्षालीनं आवाज खाली आणला नाही.

"बाबा, मले हाच पाह्यजे."

रूपराव जागचे उठले. "मंग त्याले नीट वाढाले शिकव," ते म्हणाले, "अर्धं वरण सांडून राह्यला."

लग्न बाजाराच्याच दिवशी झालं, भोजनालयासमोर. प्रभाकरराव आले नाहीत. दुपारी नवरा-नवरीनं हळदीच्या हातांनीच पंगत वाढली.