पट्ट्याचं पाचवं भोक

खोटंच सांगायचं असतं तर यापेक्षा बरं काहीतरी रचलं असतं. मी शिंपी आहे. इंच आणि पाव इंचात जन्म गेला, अंदाजाने बोलायची मला सवय नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. मंगळवार, दुपारचे चार.

बटणं आणायला निघालो होतो. वाटेत जुन्या वस्तूंचं दुकान. काचेत ते घड्याळ... पातळ, सोनेरी, काळ्या चामडी पट्ट्याचं. कोटाच्या बाहीखाली अलगद सरकेल असं. रोज चावी द्यायची.

बटणं राहिली, घड्याळ घेऊन आलो. हौसेला मोल नसतं म्हणतात ना!

बायको म्हणाली, "अहो, दुसऱ्यांचे कोट शिवता शिवता स्वतःच नवरदेव झालात की काय?"

पट्ट्याला पाच भोकं होती. पाचवं वापरून वापरून लांबट झालेलं. आधीच्या मालकाचं मनगट बारीक असणार. माझं सात इंच, मला तिसरं बसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावरून घड्याळ उचललं आणि...

पट्टा पाचव्या भोकात अडकवलेला.

"तू हात लावलास?"

"मला मेलीला दुसरी कामं नाहीत का?"

तिसऱ्या दिवशीही तेच.

मग मी चावी देणंच थांबवलं. घड्याळ बंद पडलं. कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली उशाखाली.

सकाळी कपाटाजवळ गेलो. आतून आवाज येत होता...

टिक... टिक... टिक...

उघडलं. पाचवं भोक.

शहाणा माणूस तिथेच थांबला असता. पण घड्याळ हातावर इतकं शोभायचं! रोज घालत राहिलो. चूक माझीच.

घड्याळ घालणाऱ्या गिऱ्हाइकाचा डावा कफ मी पाव इंच सैल ठेवतो. माझेही शर्ट तसेच शिवले होते. महिन्याभरात डावा कफ लोंबायला लागला. उजवा मात्र चोख.

बायकोने टेप लावली.

"उजवं सात. डावं... साडेसहा."

"नीट बघ."

"अहो, तीनदा बघितलं!"

मशीनवर कापड डाव्या हातानेच धरतो. तो हात गेला तर आम्ही दोघांनी खायचं काय?

डॉक्टरांनी सगळं तपासलं. कुठेच काही नाही म्हणाले.

तडक दुकान गाठलं. "पैसे नकोत, पण हे ठेवून घ्या."

दुकानदाराने घड्याळाकडे बघितलंच नाही. माझ्या मनगटाकडे बघत हळूच विचारलं, "कितव्या भोकावर आलात?"

"चौथ्या."

त्याने घड्याळ फडक्याने उचललं. हात लावला नाही.

त्याला सहा महिने झाले. घड्याळ गेलं, पण मनगटावर पट्ट्याचा वळ रोज सकाळी ताजा असतो. अंघोळ झाली की बायको टेप लावते आणि आकडा सांगते.

काल तिने टेप लावली...

आणि गुंडाळून ठेवली.

"किती?" मी विचारलं.

"चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली.

टेप अजून तिथेच टेबलावर आहे. आयुष्यभर लोकांची मापं घेतली, पण ती उचलायची हिंमत होत नाही.