चौथ्या ठिकाणचा दगड

बाईंच्या गुडघ्यांनी बाईंबरोबरच निवृत्ती घ्यायचं ठरवलं होतं, पण बाईंनी त्यांचा राजीनामा काही मंजूर केला नव्हता. सकाळी पलंगाच्या कडेला बसून त्या दोन्ही गुडघ्यांना तेल चोळत, "चला, उठा, फार लाड झाले," असं दटावत आणि काठी घेऊन टेकडीकडे निघत. दुखणारा सांधा बसवून ठेवला की बिजागरीसारखा गंजतो, असं त्यांचं ठाम मत होतं. मुलीचं मत बरोबर उलट. मुलगी औषधांचं दुकान चालवायची, त्यामुळे तिच्या प्रत्येक मताबरोबर मलमाची एक ट्यूबही यायची.

टेकडीवर बाईंना काम होतं. तिथल्या हौशी मंडळाची दरवर्षी एक शर्यत असे. नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं, रानातली ठरलेली ठिकाणं क्रमाने शोधायची, प्रत्येक ठिकाणच्या केशरी-पांढऱ्या निशाणापाशी चिमट्याने आपल्या कार्डाला भोक पाडायचं आणि परत यायचं. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईंकडे हा मार्ग आखायचं काम होतं. नियम एकच, पण कडक. आखणाऱ्याने आधी प्रत्येक जागी कापडाची चिंधी बांधून यायचं, आणि मग तपासनिसाने एका शब्दाने काही न विचारता, नुसत्या नकाशावरून ती शोधायची. सापडली तर ठिकाण पक्कं. नाही तर आखणारा चुकला.

यंदाचे तपासनीस होते खुद्द बाईंचे जावई. ते लिफ्टदुरुस्तीचं काम करत. दिवसभर लोकांच्या वरखाली जाण्याची काळजी वाहणारा हा माणूस स्वतः मात्र कायम जिन्याने जायचा, तेही दोन-दोन पायऱ्या गाळत. चालणं म्हणून त्यांना ठाऊकच नव्हतं. बाई त्यांना जाता-येता टोकत, आणि ते हसून सोडून देत.

तपासणीच्या दिवशी संध्याकाळी ते थेट बाईंच्या स्वयंपाकघरात आले. मुलगीही आलेली होती. जावयांच्या बुटांना चिखल लागलेला, चेहरा पडलेला.

"आई, बाकी सगळी ठिकाणं चोख. चौथं नाही सापडलं."

"नाही म्हणजे?"

"ओढा ओलांडला, वर चढलो. उतार आहे, झाडं आहेत. दगड नाहीये."

"अहो, कपाटाएवढा दगड! परवाच त्याला टेकून बसले होते मी. नाचता येईना, अंगण वाकडं."

"पळत पळत सगळा उतार पिंजून काढला, आई. खरंच नाहीये."

मुलीने नळ बंद केला. ती पाठमोरीच म्हणाली, "आई, आमच्या मागच्या खोलीत सकाळचं ऊन छान येतं गं."

हिवाळ्यात बाई किल्ली विसरून स्वतःच्याच दाराबाहेर बसल्या होत्या, तेव्हापासून मुलीने ती मागची खोली त्यांच्यासाठी रिकामी करून ठेवली होती. गुडघ्यांचं कुणाला फारसं काही वाटत नव्हतं, धास्ती होती ती डोक्याची. नसलेला दगड दिसू लागला की आपलं घर, आपली काठी, आपली टेकडी सगळं सुटणार, हे त्यांना लख्ख कळलं. त्यांना रडू येत होतं आणि त्याचाच रागही येत होता.

"उद्या दोघं जाऊ," त्या म्हणाल्या. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

दुसऱ्या दिवशी नेमका डावा गुडघा सुजला. काठी पुरेना, म्हणून त्यांनी जावयांचा दंड धरला, आणि त्या पळणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा सासूच्या चालीने चालावं लागलं. एक पाऊल, थांबा, दुसरं पाऊल. ओढ्यातल्या दगडांवर शेवाळ होतं. पलीकडे ओल्या पानांचा वास होता, वर कुठेतरी पाखरं भांडत होती.

थोडं वर गेल्यावर पाखरं थांबली. ओढा आत्ताच मागे टाकलेला, पण त्याचाही आवाज येईना. मग दोन झाडांमधून दगड दिसला. करडा, मध्ये पांढरी रेघ, फटीतून उगवलेल्या रोपट्याला बाईंनी बांधलेली लाल चिंधी.

जावयांनी त्याला हात लावला. वर गर्द सावली असूनही, कुणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखा तो कोमट होता.

"काल हा इथे नव्हता," ते म्हणाले. "थांबा, पलीकडून बघतो." आणि सवयीप्रमाणे ते धावत दगडाला वळसा घालून गेले.

ते दुसऱ्या बाजूने बाहेर आलेच नाहीत.

बाईंनी हाक मारली. उत्तर आलं ते खालून, ओढ्याच्या बाजूने. मग धावत्या पावलांचा आवाज वर चढला, अगदी जवळून गेला आणि पुढे निघून गेला. पानं हलली. माणूस दिसला नाही.

"आई! कुठे आहात तुम्ही?"

"इथेच आहे! पळू नका म्हणून किती वेळा सांगायचं तुम्हाला? चालत या!"

बऱ्याच वेळाने ते झाडांमधून आले. अंधारात बटण शोधावं तसा हात पुढे धरून, एकेक पाऊल टाकत. चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नव्हता.

दोघं दगडाला टेकून बसली. बाईंच्या सुजलेल्या गुडघ्याची ठणक हळूहळू उतरत गेली.

"मंडळाला काय सांगायचं?" जावयांनी विचारलं.

"ठिकाण बरोबर आहे, एवढंच."

घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "दगड आहे. चूक माझी होती." चार दिवसांनी मुलीने मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल परत मांडलं, तेव्हा बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिच्याकडून मलमाची ट्यूब मागून घेतली.

शर्यतीत चौथं ठिकाण फक्त चालणाऱ्यांच्या मार्गात ठेवलं. या गटाला सगळे 'कुरकुरे' म्हणत, कारण त्यातल्या प्रत्येकाचं काही ना काही कुरकुरत असे. कुणाची कंबर, कुणाची टाच. दुपारी उतारावरून कुरकुरे एकेक करून खाली आले. सगळ्यांच्या कार्डांना चौथं भोक. दातांच्या डॉक्टरीणबाई कित्येक महिन्यांनी स्वतः वाकून बुटाची नाडी बांधत होत्या. ते बघून बाईंचे डोळे भरून आले. म्हातारपण इतकं काही वाईट नाही, असं त्यांना त्या घडीला अगदी मनापासून वाटलं.

निवृत्त पोस्टमन सर्वांत शेवटी आले. त्यांना जरा कमी ऐकू यायचं.

"दगडामागे बसवलेल्या त्या बाई कोण हो?" बाकावर टेकत त्यांनी विचारलं.

"कुठल्या बाई?"

"दिसल्या नाहीत. पण बोलतात छान. मला अर्धंमुर्धंच कळलं. आम्हाला म्हणाल्या, अजून पुष्कळ अवकाश आहे, जाऊन या."

"बरं."

"आणि जावयांची चौकशी करत होत्या. म्हणाल्या, त्यांना एकट्याला पाठवा. जागा करून ठेवलीय."

बाईंनी मागे वळून पाहिलं. जावई तिथे नव्हते.

ते निशाणं गोळा करायला गेले होते. वर, उतारावर, झाडांच्या कडेशी त्यांचा निळा शर्ट दिसत होता. हात पाठीमागे बांधून ते चालत होते. सावकाश, बाईंनी शिकवलं होतं तसे.

बाई उठल्या. काठी पडली.

"पळा!" त्या ओरडल्या. "जावईबापू, पळा!"

निळा शर्ट थांबला.

पुन्हा एक पाऊल झाडांकडे पडलं.

"पळा म्हणते ना, मेल्या!"

आणि शर्ट वळला.

जावई धापा टाकत खाली आले. हात रिकामे. "चौथं निशाण वरच राहिलं," ते म्हणाले.

"राहू दे. जळो ते निशाण." बाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला होता आणि त्या हसत-रडत होत्या. पोस्टमन बघतच राहिले.

"पण आई, तुम्ही एकदाच काय ते सांगत जा," जावई कपाळ पुसत म्हणाले. "खालून ओरडत होतात पळा. आणि झाडांतून म्हणत होतात, सावकाश या. दोन्ही आवाज तुमचेच."

बाईंनी वर झाडांकडे पाहिलं.

"झाडांतल्या आई फार प्रेमाने बोलत होत्या," ते म्हणाले. "म्हणून पळालो."