डोकं ते पाय

माणूस मरता मरता वाचतो, आणि बघणाऱ्याला हसू का येतं? माऊलीनं हे सातवीच्या मास्तरांना विचारलं होतं, आईला विचारलं होतं, थोरल्या भावाला, सुदर्शनला, तर शंभरदा. सुदर्शन फक्त म्हणायचा, "फोन धर."

शंभर वर्षांपूर्वीचे मुके सिनेमे मोबाइलवर बघून सुदर्शनला वेड लागलं होतं. कोटबूट घातलेला कुणी धावत्या गाडीच्या टपावरून शिडीवर जातो, शिडीवरून छपरावर, आणि चेहरा मात्र बस स्टॉपवर उभा असल्यासारखा. "खाली जाळी नाय, बदली माणूस नाय," सुदर्शन सांगायचा. "म्हणून डोकं ते पाय आख्खा माणूस दिसला पाहिजे. चित्रात पाय कापले की लोक म्हणणार, खोटंय."

दोघं भाऊ बजाजनगरात आईसोबत एका खोलीत राहायचे, कंपनीत कामाला जायचे आणि सुट्टीच्या दिवशी असले व्हिडिओ करून इंटरनेटवर सुदर्शनच्या पानावर टाकायचे. काळेपांढरे, बिनआवाजाचे. सुदर्शन तोंडाला पावडर थापायचा, माऊली फोन धरायचा. वर माणूस असताना खालच्यानं चकार शब्द काढायचा नाही, हा कडक नियम. आवाज आला की नजर हलते, नजर हलली की पाय.

त्या नियमानंच घात केला. बंद पडलेल्या एका कारखान्यात दोन शेडच्या मध्ये पंचवीस फुटांवर लोखंडी गर्डर आहे. पलीकडच्या टोकाला तो तुटलेला, तिथं फळी टाकलेली. सुदर्शन फळीपाशी आला आणि फळी सरकताना माऊलीला फोनमध्ये दिसली. त्यानं तोंड उघडलं. आवाज काढला नाही.

तेरावं झालं. पिशोरहून आलेले साहेबराव काका जेवता जेवता म्हणाले, "माकडचाळे करून मेलं पोरगं. प्यालेलं असंल."

माऊली ताटावरून उठला. "दादा चहासुद्धा पीत नव्हता चढायच्या आधी. तुम्ही चढून दाखवा काका, मंग बोला."

"बस खाली," आई म्हणाली. पण काकांना तिनंही दुसऱ्यांदा भात वाढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं, भागूबाईनं, गोडाचा डबा भरून त्याच्या हातात दिला. "कारखान्यावरच्या वाचमन चाचाला देऊन ये. दवाखान्यात नेताना रिक्षात त्यानंच मांडीवर घेतलं होतं माझ्या लेकराला."

कारखान्याच्या फाटकाशी इब्राहीम चाचांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. माऊलीची नजर शेडकडं गेली तसे ते हळूच म्हणाले, "अंदर नको जाऊ बेटा. चार दिवस झाले... वर कुणीतरी चालतंय. फळीपर्यंत येतंय... मंग काहीच नाय."

"तिथनं पुढचंच राहिलंय त्याचं," माऊली म्हणाला. चाचा हाका मारत राहिले आणि तो आत गेला.

ऊन पत्र्याच्या भोकांतून खाली टोचत होतं. गंजाचा आणि कबुतरांच्या विष्ठेचा वास. माऊलीनं एका पिंपावर वीट ठेवली, विटेला टेकवून फोन उभा केला, चालू केला आणि शिडी चढला. गर्डर नीट धरून बसल्या बसल्या पुढं सरकला, अजून तिरपी अडकून राहिलेल्या फळीपाशी पोचला आणि लाथ मारून ती खाली पाडली. कशाच्या आधारानं जायचं नव्हतं. फळी दुसऱ्याच एका पिंपावर आदळली, उडाली, आडवी पडली.

आवाज आला नाही.

रस्त्यावरच्या ट्रकांचा हॉर्न नाही, चाचांची हाक नाही. स्वतःचा श्वासही कळेना. तो परत मागं जाऊन उभा राहिला आणि चालू लागला. निम्म्यावर वास बदलला... पावडरचा. अगदी जवळून, कुणी गाल गालापाशी आणावा तसा. मान फिरवली असती तर दिसलं असतं. त्यानं फिरवली नाही. "बघ रे," तो मनात म्हणाला, "बघ, कसं जातो."

आणि त्या मुक्या शेडमध्ये खालून आवाज आला. एकच.

"माऊली... डावा पाय!"

त्यानं डावा पाय उचलला. त्याखालचा, गर्डरवर ठोकलेला गंजका पत्रा सुटून गेला. मग थांबायला वाव नव्हता. तो धावला, तुटलेल्या जागेवरून उडी मारली आणि पलीकडं दोन्ही पायांवर उभा राहिला. चेहरा त्यानं हलू दिला नाही.

खाली कुणी नव्हतं. फोन विटेला टेकून जिथल्या तिथं होता.

घरी आल्यावर त्यानं आईशेजारी बसून व्हिडिओ लावला. आवाज कसलाच नव्हता. पण चित्र जागचं हलत होतं. माऊली पुढं सरकेल तसं सरकत होतं, त्याला कुठंही न कापता. उडीच्या क्षणी ते थोडं थरथरलं. मग माऊली उतरला, पिंपापाशी आला, वाकला आणि विटेजवळचा फोन त्यानं उचलला... आणि हे सगळं चार हात लांबून दिसत होतं. फोन खिशात घालून माऊली दाराबाहेर गेला. चित्र तिथंच राहिलं, रिकाम्या गर्डरकडं बघत, आणखी बराच वेळ.

भागूबाईनं पदर तोंडाशी नेला. "कुणी काढलंय रं हे?"

काका दारातून म्हणाले, "पुसून टाक ते! दुसरंबी पोरगं जायचं."

माऊलीनं पुसलं नाही. त्यानं व्हिडिओ होता तसा, शेवटपर्यंत, भावाच्या पानावर टाकला. खाली अडखळत एकेक अक्षर लिहिलं: चालला माऊली. फोन धरला सुदर्शननं.