पश्चिमेची भिंत

“हलू नका, मॅडम. ओढणी भिंतीले चिपकली.”

निशिगंधा जागीच थबकली. मलकापूरच्या एका जुन्या कापूस गोदामात ती मुलींना ज्युदो शिकवायची. भिंतींना तडे गेल्याने वर्ग बंद होता. दुरुस्ती कुठवर आली ते बघायला म्हणून डोकावली, आणि नेमकी ओल्या लेपाला टेकली. विटांवर कार्बन फायबरच्या काळ्या पट्ट्या चिकटवायचा तो लेप ओढणी सोडेना. चिखलीहून आलेल्या इंजिनिअरने, कुलदीपने, अलगद कात्री चालवली. त्याचे कान लाल झाले होते.

“या काळ्या कापडानं भिंत उभी राह्यते?” तिने विचारलं.

“हाव. ताण आला तरी फाकू देत नाही तिले.”

“मंग एक पट्टी सोताले लावा... पाय लटपटून राह्यले तुमचे.”

तो हसला. दोन्ही गालांना खळ्या पडल्या. मग काय, तिला रोज संध्याकाळी भिंत बघायची आठवण होऊ लागली. ती चहा आणायची. तो कपाळावरची धूळ पुसत ओट्यावर तिच्याशेजारी जागा करायचा. एकदा तिने त्याला न लागता पडायचं कसं, ते शिकवलं. तो पडून राहिला... आणि तिच्याकडेच बघत राहिला.

गोदामाचे मालक शेषराव स्पष्ट बोलले होते — भिंती पक्क्या झाल्या तर वर्ग राहील, नाहीतर गोदाम पाडून प्लॉट विकणार.

एके दिवशी कुलदीप लेपाची पकड तपासत होता. पश्चिमेच्या भिंतीवर चकती चिकटवून ओढून पाहिली, तर तिच्यासोबत विटेचा भुगाच निघाला.

“वीट ओलीनं खपली. हिच्यावर पट्टी धरणार नाही.”

“वरून गिलावा केला तर कोणाले दिसते?”

“मले दिसन. या भिंतीखाली तुमच्या पोरी असतात.”

ती चहा न देताच निघून गेली. संतापापेक्षा रडू जास्त येत होतं. सकाळी मात्र ती परत आली, तेव्हा तो शेषरावांना गळ घालत होता — ही एकच भिंत पाडून नवी बांधू, बाकीच्या तिन्ही भिंती पट्ट्यांवर उभ्या राहतील. दुपारपर्यंत वाद चालला. शेवटी शेषराव कुरकुरत ‘बरं’ म्हणाले. निशिगंधा दारात उभी होती. आपल्याला बरं वाटावं म्हणून खोटं न बोलणारा हा माणूस तिला अचानक फार जवळचा वाटला.

नवी भिंत उभी राहिली, मुली परतल्या. कुलदीपला आता नाशिकचं काम होतं.

“मधून मधून येईन,” जीपजवळ तो म्हणाला. “भिंत पाहाले.”

“भिंत पक्की आहे. तुमीच सांगतलं.”

“मंग...” तो चाचरला. “तुमाले पाहाले येऊ?”

तिने मान खाली घातली, पण हसू लपेना.

“एकटे काऊन येता? आईबाबाले घेऊन या.”