आमी शाळेचा इतिहास लिहिताना

कर्टिस मेबरी आमच्या नगरपालिकेत आला तो आधी शेजारच्या खोलीत शिरला. ती लग्नाच्या नोंदणीची खोली. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, नवरी कुठे आहे? मग त्याला जुन्या कागदपत्रांच्या खोलीकडे, म्हणजे माझ्याकडे, पाठवून दिलं.

१९९१ चा नोव्हेंबर. बाहेर धड बर्फ नाही, धड पाऊस नाही, असं काहीतरी पडत होतं. दारात एक उंच, जरा वाकून उभा राहणारा अमेरिकन. भुवयांवर पाण्याचे थेंब.

"नवरी काही मिळाली नाही," तो म्हणाला. "पण तुझ्याकडे शाळेचे कागद मिळतील म्हणे."

तुझ्याकडे? आमच्या हिर्शवायलरसारख्या जर्मन गावात पहिल्या भेटीत कोणी कोणाला अगंतुगं करत नाही. मी खुर्चीत ताठ झाले. पण तो बोलत गेला आणि मला हसू आवरेना... कारण त्याचं जर्मन थेट आमच्या डोंगराकडच्या म्हाताऱ्या बायकांचं होतं. 'अगं बाई', 'मेली थंडी' असलं. आठ वर्षांचा होईपर्यंत तो इथे राहिला होता आणि बेकरीतल्या कुंझबाईंच्या ओट्यावर बसून भाषा शिकला होता. लहान मुलाला 'अहो-जाहो' कोण शिकवणार? महापौरांनाही तो नुकताच 'तू' म्हणून आला होता.

त्याची चूक मी तेव्हाच दुरुस्त करायला हवी होती. नाही केली.

गावाबाहेर, टेकडीवर अमेरिकन फौजेची छावणी होती आणि छावणीतल्या कुटुंबांसाठी शाळा. अमेरिकनांना गाव 'आमी' म्हणायचं, म्हणून ती 'आमी शाळा'. कर्टिस आता तिथे इतिहास शिकवत होता. बर्लिनची भिंत पडली होती, फौजा परत चालल्या होत्या, जूनमध्ये शाळा कायमची बंद होणार होती. त्याआधी शाळेचा इतिहास छापून काढायचा होता. जुनी जर्मन कागदपत्रं त्याला वाचता येत नव्हती. मला येत होती. महापौरांनी माझे गुरुवार त्याला देऊन टाकले.

तर आमचं प्रेम असं गुरुवारी-गुरुवारी झालं.

शाळा सुरू झाली १९४८ साली, 'सोनेरी बोकड' नावाच्या खाणावळीच्या नाचघरात. एकोणीस मुलं, एक बाई, एक शेगडी. कोळसा नसायचा, म्हणून प्रत्येक मुलानं घरून एक लाकूड आणायचं. बाईंनी नगरपालिकेला लिहिलेलं पत्र मला सापडलं: भिंतीवरची हरणाची शिंगं कृपया काढून न्यावीत, मुलं त्यांवर टोप्या फेकतात. मी वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं इतके हसलो की लग्नाच्या खोलीतल्या बाई डोकावून गेल्या.

मग जगभरातून जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं यायला लागली. अलास्का, टेक्सस, कुठून कुठून. एकीनं लिहिलं होतं, बासष्टच्या ऑक्टोबरात, क्युबावरून युद्ध पेटेल असं वाटत होतं तेव्हा, प्रत्येकाच्या बाकाखाली एक पिशवी असायची. घोंगडी, डबाबंद मांस, आईचा फोटो. रशियन आले तर बसमध्ये बसून थेट समुद्राकडे निघायचं. ते टाइप करताना माझी बोटं थांबली. मी तेव्हा दोन वर्षांची होते, त्याच टेकडीखाली, आणि आमच्यासाठी कुठलीच बस नव्हती.

"तुम्ही आम्हाला सोडून गेला असतात," मी म्हणाले.

"मी नसतो गेलो," तो म्हणाला. "मी कुंझबाईंच्या भट्टीत लपणार होतो. ठरलं होतं आमचं."

तो हे हसत म्हणाला. पण माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला... आणि मी उगाचच टाइपरायटरची फीत बदलायला घेतली. बोटं काळी झाली. त्यानं रुमाल पुढे केला आणि सोडलाच नाही. रुमाल त्याच्या हातात, माझी बोटं रुमालात.

"आता पुसली गेली असतील," मी म्हणाले.

"एक राहिलंय."

"कुठलं?"

"बघतोय."

त्या दिवसापासून मीही त्याला 'तू' म्हणायला लागले.

फेब्रुवारीत त्यानं स्वतःची हकिगत सांगितली. इतिहासात घालायला नव्हे, अशीच, खाणावळीचं ते जुनं नाचघर बघायला गेलो तेव्हा, तिथल्या थंडगार फरशीवर उभं राहून. पासष्टच्या मार्चमध्ये एका सकाळी न्याहारीच्या टेबलावर फौजेतले वडील म्हणाले, आज निघायचंय. शाळेतून दप्तर आणायला अर्धा तास मिळाला. बेकरी त्या दिवशी बंद होती. त्यानंतर जॉर्जिया, कोरिया, कॅन्सस... बाराव्या वर्गापर्यंत नऊ शाळा.

"रडायचास?" मी विचारलं.

"पहिल्या तीन वेळा. मग कळलं की आपल्याला कोणी विचारत नसतं. एक सांगू, उल्रिके? नऊ ठिकाणांहून निघालो, पण एकाही माणसानं 'राहा ना' म्हटलं नाही. सगळे म्हणाले, प्रवास सुखाचा होवो."

मी त्याच्या मफलरची गाठ नीट केली. ती आधीच नीट होती. मग त्यानं माझ्या कपाळाला ओठ जरासे टेकवले, आणि नंतर... नंतर बराच वेळ आम्हाला थंडी वाजली नाही.

माझ्या आईचं शिवणाचं दुकान होतं. चाळीस वर्षं तिनं छावणीतल्या लोकांच्या बाह्यांवर हुद्द्याच्या पट्ट्या शिवल्या होत्या. तिला कर्टिस आवडायचा. ती त्याला आलुबुखाऱ्याचा केक वाढायची, त्याच्या भाषेवर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. पण तो गेला की सुई तोंडात धरून म्हणायची, "पोरी, किती जणांच्या पट्ट्या शिवल्या मी. एकजण तरी राहिला का? जाणं हीच त्यांची नोकरी असते." तिच्या तरुणपणी अमेरिकनाबरोबर फिरणाऱ्या मुलींना गाव काय म्हणायचं, तेही ती सांगायची. आता एकतीस वर्षांच्या बाईला तसं कोण म्हणणार होतं? तरी ते शब्द माझ्या कानात राहिलेच.

एप्रिलमध्ये बदल्यांची यादी आली. कर्टिसला ओकिनावा मिळालं होतं, जपानचं एक बेट. संमतीचा कागद शुक्रवारपर्यंत सही करून द्यायचा होता. गुरुवारी तो आला तेव्हा कागद त्याच्या खिशात होता. त्यानं तो माझ्या टेबलावर ठेवला, घड्या हातानं सरळ केल्या.

"सही केली नाहीये," तो म्हणाला.

"का?"

"म्हटलं, तुझ्याशी बोलावं. इथे जवळच, झ्वाइब्र्यूकनला, एका शाळेत इंग्रजी शिकवणारा माणूस हवाय. पगार निम्मा आहे, पण..." तो थांबला. "तुला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं ते खोलीतल्या कपाटांनाही ठाऊक असेल. पण मी शहाण्या बाईसारखी बोलायला लागले. सरकारी नोकरी, चौदा वर्षांची सेवा, निवृत्तिवेतन, आजारपणाचा विमा. निम्म्या पगारात तू किती दिवस खूश राहशील? पुढेमागे मलाच बोल लावशील. मी बोलत होते आणि मला वाटत होतं, किती मोठ्या मनानं मी याला मोकळं सोडतेय. खरं तर मी भ्याले होते. तो माझ्यासाठी राहिला आणि मग एक दिवस गेलाच, तर? त्यापेक्षा आत्ताच जाऊ दे.

"जायला हवंस तू," मी म्हणाले.

तो हसला. नऊ शाळा बदललेल्या मुलाचं हसू, सवयीचं, अगदी नीटनेटकं. माझंच पेन घेऊन त्यानं सही केली.

जूनमध्ये पटांगणावर झेंडा उतरवला. मुलांना पुस्तिका वाटल्या. चौसष्ट पानं, नाचघरापासून शेवटच्या वर्गापर्यंत. आभारांत माझं नाव होतं, उल्रिके वाइडमान, नगरपालिका. कर्टिसनं सगळ्यांसमोर माझ्याशी हात मिळवला.

"प्रवास सुखाचा होवो," मी म्हणाले. शब्द तोंडातून गेले आणि मग कळलं मी काय बोलले ते. तो बसच्या पायरीवर होता. मी हाक मारू शकले असते. बस वळेपर्यंत मला ते जमू शकलं असतं.

त्या उन्हाळ्यात मी जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं खोक्यांत भरत होते. भरताना पुन्हा वाचली. सव्वाशे पत्रं, आणि बहुतेकांत कुठेतरी एक मागे राहिलेलं माणूस होतं. मी ती सगळी टाइप केली होती, शुद्धलेखन तपासलं होतं. तरीही माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. ऑगस्टमध्ये मी ओकिनावाला लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर आलं, प्रेमळ, दोन पानांचं, आणि त्यात एका मिशेलचा उल्लेख तीनदा होता. तिसऱ्या वर्षी लग्नाची पत्रिका आली.

२००९ साली जुने विद्यार्थी मेळाव्यासाठी गावात आले. शाळेत आता फर्निचरचं दुकान आहे. त्या गर्दीत कर्टिस होता, एकटा, केस पांढरे झालेले. मिशेलचे गुडघे दुखतात, प्रवास झेपत नाही, म्हणाला. दोन मुलींचे फोटो दाखवले. मी लग्न केलं का हे त्यानं विचारलं नाही, केलं नाही हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं. संध्याकाळच्या गाडीला मी स्टेशनवर सोडायला गेले. फलाटावर आम्ही दोघंच.

"त्या गुरुवारी," मी म्हणाले, "मी खोटं बोलले. तू राहावंस असं वाटत होतं मला."



"मी सही करायला किती वेळ लावला, पाहिलं होतंस?" त्यानं शांतपणे विचारलं. "नाव केवढंसं आहे माझं."

गाडी आली. दार उघडलं. मी त्याची बाही धरली, चिमटीत, दोन बोटांनी.

"पुढच्या गाडीनं जा," मी म्हणाले. "तासाभरानं आहे. राहा ना तेवढा वेळ."

कर्टिसनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे. पायरीवर ठेवलेली बॅग त्यानं खाली घेतली. गाडी निघून गेली. आम्ही बाकावर बसलो, आणि तो तास जेवढा लवकर संपायचा तेवढ्याच लवकर संपला.