पाचवा वाफा

ही गोष्ट खरी आहे. माझी मावसबहीण वर्षाराणी हिच्यासोबत घडलेली. ती थापा मारणाऱ्यांतली नाही. उलट कुणी भुताचं सांगायला बसलं, की आधी हीच खो खो हसायची.

आता हसत नाही.

भूत म्हटलं की लोकांना रात्र लागते. इथं रात्र नाही. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, गुरुवार, दुपारचे चार. लातूर-निलंगा रस्त्यावरचा एक वृद्धाश्रम. नाव सांगत नाही, तिथं अजून माणसं राहतात.

वर्षाराणी मूळची भोकरची. फिजिओथेरपी शिकून तिथं नोकरीला लागली होती. एका संस्थेनं आश्रमाला व्हीआरचा चष्मा दिला होता. तो डोळ्यांवर चढवला की समोर बाग दिसायची. दोन्ही हातांत रिमोट. हात हलवला की बागेतली कुदळ हलायची, झारी कलंडायची. म्हाताऱ्यांचे खांदे मोकळे व्हावेत, मन रमावं, एवढाच हेतू. त्यांना आत जे दिसायचं, तेच वर्षाराणीला मोबाइलवर दिसायचं.

बागेत वाफे चार. टमाटे, मेथी, झेंडू, वांगी. त्यापलीकडं कुंपण.

रत्नम्मा शिरूर अनंतपाळकडच्या. सगळे त्यांना अव्वा म्हणत. वय ऐंशीच्या पुढं, उजवा खांदा आखडलेला. नवरा नागप्पा जाऊन अकरा वर्षं झालेली. दोन वर्षांमागं मुलानं, शिवकुमारनं, शेत विकलं आणि आईला इथं आणून सोडलं. अव्वांनी त्याबद्दल कधी ब्र काढला नाही. एकच गोष्ट त्या भेटेल त्याला सांगायच्या.

"आमचे मालक शेतातच हायत, बांधाला. त्यांच्या बाजूला माझी जागा हाय. शेत इकलं तरी तेवढी ठिवलीय. शिवकुमारनं शब्द दिलाय."

वर्षाराणी नुसती मान डोलवून "हाव, हाव" म्हणायची. म्हाताऱ्या माणसांचं तेच तेच बोलणं कोण मनावर घेतं?

तीन गुरुवार अव्वांनी मेथीला पाणी घातलं. चौथ्या गुरुवारी त्या वाफे सोडून बागेच्या टोकाला गेल्या.

तिथं… कुंपण नव्हतं.

काळी जमीन होती. बागेतली माती तांबूस, गुळगुळीत, चित्रातल्यासारखी. ही भेगाळलेली होती, आपल्याकडची. वर्षाराणीला वाटलं, नवीन अपडेट आलं असेल.

"इथं खणू का गं, माय?"

"खणा की अव्वा. जोर लावून खणा, खांदा सुटंल."

आणि वर्षाराणी कुदळीचे घाव मोजायला लागली. एक… दोन… तीन.

खांदा खरंच सुटला. दोन आठवड्यांत अव्वा स्वतःच्या हातानं वेणी घालू लागल्या. सगळ्यांनी वर्षाराणीचं कौतुक केलं. तीही हरखली, आणि मोजत राहिली.

खड्डा चौकोनी होत गेला. आत एका बाजूला कोनाडा.

"आंबा लावायचा का अव्वा?"

अव्वा हसल्या. "लावू की."

मग तो शेवटचा गुरुवार.

अव्वांनी कुदळ मारली. मोबाइलमधून… दोन घावांचे आवाज आले.

एक अव्वांचा. त्यामागं दुसरा, जरा जड.

पुन्हा एक घाव. पुन्हा दोन आवाज.

"कोण हाय तिथं, अव्वा?"

"मालक हायत. मला एकटीला कुठं झेपतंय?"

 वर्षाराणीनं अव्वांच्या हाताकडं पाहिलं. नखांत… काळी माती होती.

आश्रमात सगळीकडं फरशी आहे. मातीची एक कुंडीसुद्धा नाही.

शेजारी सिद्धराम अप्पा आपल्या पाळीची वाट बघत बसले होते. निलंग्यात त्यांचं किराणा दुकान होतं. त्यांनी वाकून मोबाइलमध्ये पाहिलं आणि गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला.

"पोरी, हे आंब्याचं आळं न्हाई."

"मग?"

"तुमच्यात जाळतेत. आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतेत. त्या कोनाड्यात. ही बसायची जागा हाय."

वर्षाराणी चष्मा काढायला धावली. तोवर अव्वांनी रिमोट मांडीवर ठेवले होते. खुर्चीत पाय वर घेऊन मांडी घातली होती. गुडघ्यांमुळं कित्येक वर्षं त्यांना मांडी घालता येत नव्हती.

"झाली जागा," त्या म्हणाल्या. "मालक म्हणतेत, आता पुरं कर."

मान पुढं आली. श्वास नव्हता.

संध्याकाळी शिवकुमार आला.

"अव्वांना शेतात नेणार ना?" वर्षाराणीनं विचारलं.

 "कुठलं शेत, मॅडम? जागा ठिवायचं बोलणंच झालं नव्हतं. घेणाऱ्यानं बांध मोडला, बाबाची समाधी बी नांगरली. आईला कोणत्या तोंडानं सांगणार होतो?"

अव्वांना लातूरला, त्यांच्या समाजाच्या स्मशानभूमीत पुरलं. अनोळखी माणसांच्या मधोमध.

पंधरा दिवसांनी तो आईचं गाठोडं न्यायला आला. चष्म्याकडं बोट करून म्हणाला, "आई यात काय बघायची? मला बघू द्या."

द्यायला नको होता. तिनं दिला.

मोबाइलवर चार वाफे दिसले. टोकाला तो खड्डा. रिकामा.

चष्मा लावून शिवकुमार खड्ड्याच्या काठाशी गेला. मग त्यानं चष्मा काढला. तोंड आसवांनी भिजलेलं.

"बाबा हायत. काठावर बसलेत. कुदळ मांडीवर हाय."

मोबाइलवर तर कुणीच नव्हतं.

"काय म्हणाले?" वर्षाराणीनं कसंबसं विचारलं.

"रागावले न्हाईत हो." त्याला हुंदका फुटला. "एवढंच इचारलं, तुझी आई कुठं राहिली रे?"

संस्थेच्या माणसांनी सगळं पुसून प्रोग्रॅम नव्यानं टाकला. त्यांना चारच वाफे दिसतात. वर्षाराणीला अजून पाचवा दिसतो. कधी काठाची माती आत ढासळलेली असते. पुढच्या गुरुवारी बघावं… तर कुणीतरी ती उपसून जागा पुन्हा साफ करून ठेवलेली असते.

"मला त्यांची भीती वाटत न्हाई," ती मला म्हणाली आणि रडायलाच लागली. "घाव मोजून मोजून मीच ती जागा खणून घेतली. आणि अव्वा तिथं पोचल्याच न्हाईत."