वरच्या रांगेतला तंबू

"तळ्याकाठी नको! तिथले डास मला उचलून नेतील!" भोपू ओरडला.

"तुला उचलायचं तर डासांना क्रेन मागवावी लागेल," मास्तरीण म्हणाली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोंगराळ भागाचा नकाशा पसरला होता. उन्हाळा नुकताच लागला होता. शिखरांवरचा बर्फ अजून पुरता वितळला नव्हता, पण रस्ते खुले झाले होते. दर वर्षीसारखं तंबू घेऊन जायचं ठरलं होतं. आता फक्त मुक्कामाच्या जागा निवडायच्या राहिल्या होत्या.

भोपू म्हणजे अकरा वर्षांचा एक चालता-बोलता भोंगा. मास्तरीण त्याची थोरली बहीण. चष्मा नाकावर चढवून ती कुणालाही काहीही शिकवायला बसे, म्हणून हे नाव. आणि टेबलाच्या टोकाशी गप्प बसलेली गुंडी ही त्यांची चुलतबहीण. बारा वर्षांची, पण चणीने शर्टाच्या गुंडीएवढीच!

जागा निवडायचं काम दर वर्षी गुंडीच्या दादाचं असायचं. तो नकाशावर पालथा पडायचा आणि "इथे पाणी आहे, इथे सावली आहे, इथे अस्वल आहे!" असं म्हणून सगळ्यांना हसवायचा. गेल्या पावसाळ्यात त्याला ताप आला आणि आठवड्याभरात दादा गेला.

तेव्हापासून गुंडीला काही वाटेनासं झालं होतं. रडूसुद्धा येत नव्हतं. टीव्हीचा आवाज बंद करून चित्र बघावं, तसं सगळं तिच्यासमोरून सरकत राही. कुणी काही विचारलं की ती म्हणे, "चालेल."

"गुंडे, तू सांग," काका म्हणाले. "तळ्याकाठची जागा, पाइनच्या जंगलातली, की ही कड्याखालची?"

"कुठलीही चालेल."

"असं नको गं. बोट ठेव एकीवर."

गुंडीने न बघताच नकाशावर बोट टेकवलं. बोट कड्याखालच्या जागेवर पडलं.

"ठरलं तर!" काका म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी सगळे निघाले. गाडी चालवायला काका, रस्ता सांगायला काकू, भांडायला भोपू आणि मास्तरीण. संध्याकाळी ते पोहोचले तेव्हा तंबूंच्या तळाचा मालक फाटकाशीच उभा होता. ऊन कधीच उतरलं होतं, तरी त्याच्या कपाळावर काळा गॉगल होता.

"या, या! तुम्हाला वरची रांग देतो. राजेशाही जागा! सकाळी डोळे उघडले की समोर अख्खी दरी!"

"आणि ती खालची, झाडांजवळची?" काकूने विचारलं.

"तिथे काय मजा? वरची रांग म्हणजे आमचा हिरा!"

वरच्या रांगेत सपाट हिरवळ होती. तिच्या मागे एक उंच, करडा कडा सरळ भिंतीसारखा उभा होता. रांग अजून रिकामीच होती. काकांनी तिथे मोठा तंबू ठोकला, आणि रात्रभर त्यांच्या घोरण्याने बाकी कुणाला धड झोप येऊ दिली नाही.

गुंडीला पहाटेच जाग आली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पातळ साय धरली होती. ती शाल गुंडाळून स्टुलावर बसून राहिली. खेळावंसं वाटत नव्हतं, वाचावंसं वाटत नव्हतं. मग काय, समोर जे दिसेल ते बघायचं.

समोर दिसला मालक. एकचाकी ढकलगाडी घेऊन तो हिरवळीवरून हळूहळू येत होता. मध्येच वाकायचा, गवतातला दगड उचलून गाडीत टाकायचा, आणि ती जागा पायाने दाबून सपाट करायचा.

गुंडीला बघून तो दचकला. "अरेच्चा! इतक्या लवकर उठलीस? मी आपला बागेच्या कडेला लावायला दगड गोळा करतोय, बरं का!"

"चालेल," गुंडी म्हणाली.

मालक घाईघाईने निघून गेला. गुंडी तशीच बसून राहिली. तंबूच्या खुंटीपासून हातभर अंतरावर नारळाएवढा एक दगड पडला होता. त्याची एक बाजू काळपट होती, पण दुसरी नुकतीच फोडल्यासारखी फिकट आणि धारदार. उगीचच तिने तो उलटा केला.

खालचं गवत चेपलेलं होतं, पण हिरवंगार होतं.

गुंडी त्या गवताकडे बराच वेळ बघत राहिली. मग तंबूत जाऊन तिने मास्तरणीच्या पायाचा अंगठा ओढला. "बाहेर ये. काहीतरी विचित्र आहे."

मास्तरीण ताडकन उठून बसली. किती दिवसांनी गुंडी आपणहून काही बोलली होती! तिने भोपूलाही हलवून उठवलं.

"दगड महिनाभर पडून असता, तर खालचं गवत पिवळं पडलं असतं," मास्तरीण गुडघ्यांवर बसत म्हणाली. "हा एक-दोन दिवसांपूर्वीच आलाय."

"आलाय? कसा? बसने?"

"भोपू, वर बघ!"

तिघांनी माना वर केल्या. काळपट कड्यावर जागोजागी फिकट चट्टे दिसत होते. तिथले टवके निघाले होते, आणि ते फार जुने नव्हते. चट्ट्यांच्या आसपास ओलीच्या काळ्या रेघा होत्या. मग त्यांनी हिरवळ पालथी घातली. एके ठिकाणी खड्डा होता. दुसरीकडे खड्ड्यावर गवताचा चौकोनी तुकडा ठिगळासारखा बसवला होता. तिसरीकडे आणखी एक ठिगळ!

"पण काल रात्री तर एकही दगड पडला नाही," भोपू म्हणाला.

मास्तरणीने चष्मा सारखा केला. "तू फ्रीजरमध्ये पाण्याची काचेची बाटली ठेवली होतीस. तिचं काय झालं?"

"तो विषय आता बंद झालाय!"

"सांग ना!"

"फुटली. पाणी गोठताना फुगतं, म्हणून. पण तुकडे सुटले ते बर्फ वितळल्यावरच, मग आईने वेचले."

"तेच! रात्री कड्याच्या भेगांमधलं पाणी गोठतं आणि खडक फोडतं. पण बर्फ आहे तोवर तुकडे चिकटून राहतात. ऊन आलं, बर्फ सुटला, की..."

"धडाम!" भोपू म्हणाला.

"ऊन दुपारी येईल," गुंडी म्हणाली. "आत्ता कड्यावर सावली आहे. दुपारी सगळे लोक फिरायला जातात. मालक सकाळी उचलतो, कुणी उठायच्या आत."

तिघं आधी मालकाकडे गेली. ऑफिसची खोली उघडली तेव्हा दुपार होत आली होती; तो आत गॉगल पुसत बसला होता.

"छे, छे! इथे एक खडासुद्धा पडत नाही! गोष्टीची पुस्तकं जरा कमी वाचा. आणि संध्याकाळी शाळेची पोरं यायची आहेत, त्यांना वरची रांग लावायचीय. मला कामं आहेत!"

गुंडीच्या डोळ्यांसमोर कड्याखाली ओळीने झोपलेली पोरं आली. तिला भीती वाटली नाही, रागही आला नाही. पण हे व्हायला नको, एवढं मात्र स्वच्छ कळलं.

काका तर मालकाच्या वरताण निघाले. जेवून ते तंबूत आडवे झाले होते. "हा डोंगर लाखो वर्षं उभा आहे. माझी झोपायची वेळ झाली म्हणून आजच पडणार का? जा, खेळा!" आणि घोरणं सुरू. काकू खाली नळावर कपडे धुवायला गेली होती. कड्याच्या माथ्यावर उन्हाची कडा दिसू लागली होती.

"आता गं?" भोपूचं तोंड उतरलं.

"मालकाला चहाला बोलवू या," गुंडी म्हणाली. "इथे, वरच्या रांगेत. जागा चांगली असेल तर येईल."

मास्तरीण तिच्याकडे बघतच राहिली. "गुंडे, तू महाबिलंदर आहेस!"

भोपू धावत सुटला. आधी नळावर, मग ऑफिसात. पाहुणा येतोय म्हटल्यावर काकू हात पुसत वर आली, काका डोळे चोळत बाहेर आले. मास्तरणीने स्टोव्ह मुद्दाम हिरवळीच्या खालच्या टोकाला, कड्यापासून लांब मांडला. मालक भोपूच्या मागून रमतगमत आला, आणि खालच्या रांगेच्या झाडापाशीच थबकला.

"इथेच बसू की, सावलीत!"

"अहो, असं कसं? तुम्हीच म्हणालात ना, वरची रांग म्हणजे हिरा!" काका म्हणाले. "या, तंबूसमोर खुर्च्या टाकतो!"

"नको, नको. म्हणजे... माझे गुडघे दुखतात."

"सकाळी ढकलगाडी घेऊन तर चढला होतात," गुंडी म्हणाली.

मालक आणखी एक पाऊल मागे सरकला. त्याचे डोळे पुन्हा पुन्हा वर जात होते. अर्धा कडा आता उन्हात न्हाला होता.

"तुम्ही सारखं वर का बघताय?" मास्तरणीने विचारलं.

मालकाचा चेहरा पांढराफटक पडला. काकूने त्याच्याकडे पाहिलं, मग कड्याकडे. तिच्या हातातला कप खाली गेला. "चला! सगळे खाली! आत्ताच्या आत्ता!"

भोपू आणि मास्तरीण पळत सुटले. काका मात्र तंबूकडे वळले. "एक मिनिट, माझा चष्मा आत राहिलाय..."

गुंडीने दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं.

"अगं, सोड! हा आलोच!"

ती सोडेना. काकांनी हिसका दिला तशी ती गवतावर पडली, गुडघ्यांवर फरपटत गेली, पण मनगट सुटलं नाही. कुणीतरी किंचाळत होतं, "नाही! नाही जायचं! नाही जायचं!" ते आपणच, हे तिला जरा उशिराच कळलं.

वर टक्क असा आवाज झाला. मग आणखी एक. मग गडगडाट झाला, आणि पाठीवर घ्यायच्या पिशवीएवढा एक दगड उसळ्या घेत आला आणि तंबूत शिरला. तंबूच्या काठ्या काड्यांसारख्या मोडल्या. कापड फाटलं, खाली बसलं आणि हललं नाही.

हळूहळू धूळ खाली बसली.

"मी... मी तिथेच झोपलो होतो," काका म्हणाले.

मालक झाडाला टेकून उभा होता. "बारीकसारीकच पडायचे हो. खालच्या रांगेत सगळे मावत नाहीत. मला वाटलं, या वर्षीचा हंगाम निघून जाईल..."

"वाटलं?" काकू म्हणाली. "तुम्हाला वाटत होतं, आणि माझी माणसं तिथे झोपली होती!"

संध्याकाळी शाळेची पोरं आली, ती थेट खालच्या रांगेत, झाडांजवळ. वनखात्याच्या अधिकारीण बाई जीप घेऊन आल्या. त्यांनी चट्टे पाहिले, ठिगळं पाहिली, मालकाला चांगलं फैलावर घेतलं आणि वरची रांग कायमची बंद केली. मग त्यांनी तिघांना बोलावलं.

"हे हेरलं कुणी?"

"हिने!" भोपू एवढ्याने ओरडला की शाळेची सगळी पोरं वळून बघू लागली. "गवत हिने बघितलं, चहाचं हिनेच काढलं, आणि बाबांना धरून ठेवलं तेही हिनेच!"

"शाब्बास!" बाईंनी गुंडीच्या पाठीवर हात ठेवला. "मोठ्यांच्या नाकासमोर होतं ते तुम्ही पाहिलंत. आज या सगळ्या मुलांना तुम्ही वाचवलंत."

काकांनी दोन्ही कान पकडले. "आजपासून तुम्ही म्हणाल ती पूर्व!" शाळेच्या बाईंनी पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या. गुंडीला त्या टाळ्या दुसऱ्याच कुणासाठी असल्यासारख्या ऐकू आल्या. ती नुसती उभी राहिली.

नंतर गाडीच्या मागच्या दाराशी बसवून काकूने तिचे गुडघे बघितले. दोन्ही खरवडले होते, त्यांत माती शिरली होती. काकूने कोमट पाण्यात कापूस बुडवला.

"दुखतंय का?"

गुंडीने तोंड उघडलं. "चालेल" म्हणायचं होतं. काकू कापूस हातात धरून थांबून राहिली.

"हो," गुंडी म्हणाली. "दुखतंय. खूप दुखतंय, काकू."

आणि तिला रडू आलं. काकूने कापूस बाजूला ठेवला आणि तिला जवळ ओढलं. भोपू आणि मास्तरीण येऊन तिच्या दोन बाजूंना चिकटून बसले.